चालू यंत्राला घातलेला हार

सरांनी पडद्यावर पेनाचं टोपण टेकवलं आणि विचारलं, "हे काय उभं राहिलंय मध्येच?"

पडद्यावर ऑक्टोबर महिन्याचा ग्राफ होता. गवताच्या परागांची रेघ पावसाळा सरताना उतरते तशी उतरत होती. तिच्याखाली दुसरी एक रेघ होती. ती एरवी तळाशी चिकटून असायची. ती एका दिवशी सरळ उभी चढली होती, आठवडाभर वरच राहिली होती आणि मग तुटल्यासारखी खाली आली होती.

"सूर्यफुलाच्या कुळातले पराग आहेत सर," मी म्हटलं.

"म्हणजे गाजर गवत."

"बघायला लागेल. मी घाईत मोजलंय. अख्ख्या कुळाची एकत्र बेरीज केलीय."

"अहो, त्या कुळातलं एवढं हवेत दुसरं काय असणार? राखीव जंगलात गाजर गवत! मॅडम, आपल्या रिपोर्टमध्ये लोक हेच वाचतील." सर खुशीत होते. आरएफओ साहेबांना, म्हणजे त्या जंगलाच्या वनाधिकाऱ्यांना, त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

मी नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सर आमचे विभागप्रमुख. प्रकल्प त्यांच्या नावावर होता, काम माझ्याकडे. पेठ रोडने तासाभरावर डोंगरात एक राखीव जंगल आहे. तिथे चराई नाही, तोड नाही, वाहनं नाहीत. तिथल्या हवेत वर्षभर कोणकोणते पराग तरंगतात ते आम्ही मोजत होतो. लोक विचारतात, याचा उपयोग काय? शहरात दम्याचे, शिंकांचे पेशंट वाढले की डॉक्टर हवेला दोष देतात. पण शहराची हवा किती बिघडली हे सांगायचं तर न बिघडलेली हवा कशी असते ते आधी माहीत पाहिजे.

त्यासाठी जंगलातल्या वनचौकीच्या गच्चीवर एक यंत्र बसवलं होतं. दिसायला दुधाच्या किटलीएवढं. माणूस श्वासाने साधारण जेवढी हवा ओढतो तेवढीच हे यंत्र एका बारीक फटीतून आत ओढतं. डोक्याला शेपटीसारखा पत्रा असतो, त्यामुळे वारा फिरेल तसं डोकं फिरतं आणि फट कायम वाऱ्याकडे राहते. आत एक ड्रम घड्याळासारखा हळूहळू फिरतो. त्यावर चिकट लेप दिलेली पारदर्शक पट्टी असते. हवेतलं जे काही आत येतं ते तिला चिकटतं. आठवड्याने पट्टी काढायची, एकेका दिवसाचा तुकडा कापायचा, गुलाबी रंग देऊन काचेवर बसवायचा आणि मायक्रोस्कोपखाली मोजत बसायचं. सगळं इतकंच. फक्त यंत्र बंद पडता कामा नये. बंद पडलं तर ग्राफमध्ये भोक पडतं, आणि ग्राफमधल्या भोकाची मला फार धास्ती होती.

यंत्राला सोलरची बॅटरी होती. तिच्यावर लक्ष ठेवायला चौकीवर हिरामण भोये होता. रोजंदारीवरचा वनमजूर. मूळचा सुरगाण्याकडचा. पूर्वी दिवाळी झाली की बायको-पोरीला घेऊन द्राक्षाच्या बागांवर कामाला जायचा. चौकीवर राहायला एक खोली मिळाली तेव्हापासून ते जाणं थांबलं होतं. पोरगी खालच्या गावातल्या शाळेत खंड न पडता एकेक इयत्ता शिकत होती. त्याला तिचं लय कौतुक. मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "आता कायम व्हायचं बघतोय मॅडम. साहेबांनी नाव धाडतो म्हनलंय."

रस्त्याकडेचं गाजर गवत फुलायच्या आत उपटून टाकणं हेही त्याचंच काम होतं. त्यामुळे सरांच्या त्या फोनचा अर्थ सरळ होता. सर फोनवर बोलत होते आणि मी टेबलावरच्या काचपट्ट्या उगाच एकसारख्या रचत होते.

दोन दिवसांनी आम्ही सगळे चौकीवर जमलो. आरएफओ साहेब जीपमधून उतरले ते बोलतच उतरले.

"हिरामण, गाजर गवत कुठंय?"

"नाय साहेब. एक झाड नाय ठेवलं."

"मॅडमच्या मशीनमध्ये ढीगभर सापडलंय. मशीन खोटं बोलतं का?"

हिरामणने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मशीनला कुठून घावलं? तुम्ही दाखवा, आत्ता उपटतो."

आम्ही रस्ता पायाखाली घातला. ओढ्यापर्यंत गेलो, वरच्या सड्यावर गेलो. कड्याच्या अंगाला चार-दोन वाळकी झाडं मिळाली. साहेब म्हणाले, "हे बघा." सर म्हणाले, "बिया लांबून येतात." मला ते पटत नव्हतं. चार वाळक्या झाडांतून तेवढे पराग येत नाहीत. हिरामणच्या बायकोने, सुमनने, चहा आणून दिला. माझा तसाच राहिला. परत निघताना साहेब म्हणाले, "कायमच्या प्रस्तावात शेरा लिहावा लागेल याचा." हिरामण जीपचं दार धरून उभा होता. त्याने ते ऐकलं, आणि दार हळूच लावलं.

गाडीत मला धड बसवेना. कॉलेजात आल्याबरोबर मी त्या आठवड्याच्या काचपट्ट्या काढल्या आणि मोठ्या भिंगाखाली घातल्या.

गाजर गवताचा पराग आणि त्याच्या भाऊबंदांचे पराग, सगळे गोल आणि काटेरी. छोट्या भिंगातून सारखेच दिसतात. मोठ्या भिंगातून मात्र फरक कळतो. गाजर गवताचे काटे बुटके असतात. माझ्यासमोर जे होतं त्याचे काटे लांब आणि टोकदार होते, धोत्र्याच्या बोंडासारखे. पराग आकाराने मोठेही होते. आणि सुटे नव्हते, घोसच्या घोस होते. असे जड, चिकट पराग वाऱ्यावर लांब जात नाहीत. ते मधमाशीच्या अंगाला लागून जातात. मग यंत्राच्या फटीत आठवडाभर कसे शिरले? फूलच फटीशी असेल तर.

झेंडू.

मी डोळा भिंगावरून काढला आणि तारीख बघायची गरजच उरली नाही. ग्राफमधला तो सुळका खंडेनवमीला सुरू झाला होता. हार मी घातला होता.

हे जरा सविस्तर सांगते. माझे बाबा सातपूरला एका कारखान्यात टर्नर होते. खंडेनवमीला ते आम्हा भावंडांना कंपनीत न्यायचे. त्या दिवशी काम नसायचं. लेथ पुसून लख्ख केलेले, प्रत्येकाला झेंडूचा हार, कुंकू, नारळ, पेढे. बाबा स्वतःच्या लेथला आम्हाला हात लावू द्यायचे, वर्षातून तेवढाच. मी शिकले, पीएचडी झाले, पोरांना प्रयोगशाळेत उदबत्तीसुद्धा लावू देत नाही. पण खंडेनवमीला मिक्सरला, स्कूटरला हळदकुंकू लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या वर्षी पट्टी बदलायचा दिवस नेमका खंडेनवमीला आला. पेठ नाक्यावर झेंडूचे ढीग होते. गाडी थांबवली आणि एक हार घेतला.

चौकीवर हिरामण खूश झाला. "मॅडम, तुमच्यात बी मशीन पूजत्यात?"

"आमच्यात मशीनच पूजतात," मी म्हटलं.

नवी पट्टी बसवली, यंत्र चालू केलं, मग त्याच्या गळ्यात हार घातला. जरा सैल घातला, म्हणजे वाऱ्याबरोबर डोकं फिरायला अडचण नको. इतका विचार केला. परागाचा केला नाही. तेवीस वर्षं पराग मोजणाऱ्या बाईने फटीखाली फुलांची माळ अडकवली आणि वर नमस्कार केला. पूजेतलं फूल मला फूल वाटलंच नाही, एवढंच मी सांगू शकते.

पुढच्या आठवड्यात गेले तर हार वाळून काळा पडला होता. "काढला नाही का?" मी विचारलं. हिरामण म्हणाला, "तुम्ही घातलेला, मी कसा काढू?" मग मीच काढला आणि चौकीमागच्या आपट्याच्या बुंध्याशी ठेवला. तेव्हाही डोक्यात काही आलं नाही.

आता आलं होतं. आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. हिरामण सुटला. शेरा जाणार नाही. मी तशीच उठून सरांच्या केबिनमध्ये गेले. सर आरएफओ साहेबांशीच बोलत होते. फोन स्पीकरवर होता.

"सर, ते गाजर गवत नाही. झेंडू आहे."

"झेंडू? जंगलात?"

"यंत्राला हार होता. दसऱ्याचा."

मग सर हसायला लागले. मोठ्याने, खुर्ची मागे झुकवून. "ऐकलंत का साहेब? आपल्या मशीनला हार घातला! पुढच्या वर्षी बोकड कापतील!"

फोनमधून साहेबांचंही हसू आलं. "हे लोक ना... मागे आमच्या नव्या जीपच्या बॉनेटवर नारळ फोडून पोचा पाडला. तो हिरामणच असणार."

सर म्हणाले, "तोच. दुसरं कोण असतं तिथे? काय हो मॅडम?"

मी म्हटलं, "असेल."

इतकंच. 'असेल' हा शब्द आम्ही संशोधक रोज वापरतो. पुरावा पुरा नसला की लिहायचा. माझ्याकडे पुरावा पुरा होता. पण सर ज्यावर हसत होते तिथे मला बसायचं नव्हतं. स्टाफरूममध्ये वर्षभर पुरला असता तो विनोद. पुढचा प्रकल्प माझ्या नावावर व्हायचा होता. आणि मला वाटलं, हाराचं काय एवढं, साहेब दोन शब्द बोलतील आणि विसरतील.

साहेब विसरले नाहीत. शास्त्रीय उपकरणात ढवळाढवळ, असा ठपका ठेवून हिरामणला चौकीवरून हलवलं. पार लांब, वनखात्याच्या रोपवाटिकेत. तिथे राहायला खोली नव्हती. प्रस्ताव मागे राहिला. मला हे कळलं ते पुढच्या पट्टीच्या दिवशी. चौकीवर नवा माणूस होता. गच्चीवर पाटी लावली होती: 'यंत्रास हार घालू नये.' खोलीच्या भिंतीवर पोरीने खडूने लिहिलेले पाढे अजून होते.

मी पट्टी बदलली. लक्ष त्या पाढ्यांवर होतं, लेपाला बोट लागलं. ती पट्टी वाया गेली.

त्यानंतर मी काय केलं? काही नाही. पेपर तपासले. सेमिनारला गेले. दर आठवड्याला त्या पाटीसमोर उभी राहून पट्टी बदलली. फोनवर हिरामणचा नंबर होता, तो काढायचा आणि ठेवून द्यायचा. नवऱ्याने विचारलं, "तुझं काही दुखतंय का?" म्हटलं, नाही. वर्गात परागकणांचा धडा आला की मी तो भराभर उरकायचे. झेंडूचं चित्र फळ्यावर काढायचं असतं त्यात. पोरांना म्हटलं, पुस्तकातलं बघा.

पावसाळा संपत आला. नाक्यावर पुन्हा झेंडूची पोती उतरायला लागली. एका सकाळी कॉलेजला निघालेली मी गाडी तशीच पुढे नेली आणि रोपवाटिकेवर गेले.

हिरामण मातीच्या पिशव्या भरत बसला होता. सुमन शेजारी पिशव्यांची तोंडं उघडून देत होती. पोरगी दिसली नाही.

"मॅडम? इकडं कुठं?"

"आले होते या बाजूला," मी म्हटलं. तेही खोटंच.

सुमनने हात न थांबवता विचारलं, "हार-बिर नाय ना आनला?"

"गप गं," हिरामण म्हणाला. माझ्यासाठी त्याने एक डबा उपडा घातला. मी बसले नाही.

"पोरगी कुठंय?"

"आजीकडं. गावाला. शाळेत नाव घातलंय, पन जाती का नाय कोन बघतो. आम्ही हितं."

मी घरापासून जुळवत आणलेलं एकही वाक्य तोंडात येईना. शेवटी म्हटलं, "हिरामणभाऊ, हार मी घातला होता हे तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही?"

त्याने पिशवी खाली ठेवली. "सांगितलं ना."

"काय?"

"पहिल्याच दिशी सांगितलं. म्हनलं साहेब, मॅडमनी घातला, मी नुसता बघत व्हतो. तर साहेब लय चिडले. म्हनले, मॅडम पीएचडी हायेत. त्या घालतील का मशीनला हार? खोटं तरी नीट बोल." तो थांबला. "मंग दोन गोष्टी झाल्या ना. हार घातला ही एक, न् खोटं बोललो ही दुसरी. नुसता हार असता तर सुटलो असतो."

सुमन म्हणाली, "मी म्हनलं यांना, मॅडमला फोन लावा. हे म्हनले, त्यांना ठावं असंलच. ठावं असून नाय बोलल्या तर फोन लावून काय व्हतंय?"

"माझं चुकलं," एवढंच मी बोलले. हिरामणने पुढची पिशवी उचलली.

तिथून मी थेट कॉलेजात गेले. सरांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत या वेळी.

"आता कशाला उकरता? वर्ष होत आलं. त्या आठवड्याचा डेटा आपण गाळलाय. शास्त्राच्या दृष्टीने विषय संपला."

"शास्त्राच्या दृष्टीने संपला, सर. तो माणूस अजून माती भरतोय."

"मॅडम, तुमच्या नावावर प्रकल्प येतोय. कॉलेज काय म्हणेल?"

"म्हणू दे."

आरएफओ साहेब जास्त अवघडले. त्यांनी दोनदा चहा मागवला. म्हणाले, "तुम्ही? खरंच? मला तर तो... अहो, मी त्याला खोटारडा म्हटलं हो."

"मला माहितीये."

"लेखी द्यावं लागेल. कॉलेजला कॉपी जाईल."

तिथेच बसून लिहिलं. मराठीत, चार ओळी. हार मी घातला, हिरामण भोये यांनी सांगितलं ते खरं होतं, त्या वेळी मी गप्प राहिले. सही करताना एक गोष्ट लक्षात आली. हे चार ओळींचं काम होतं, आणि मी ते वर्षभर वागवत होते.

पुढचं थोडक्यात. नवा प्रकल्प दुसऱ्या मॅडमच्या नावावर गेला. स्टाफरूममध्ये विनोद झाले, दसऱ्याला कुणीतरी माझ्या मायक्रोस्कोपला झेंडूचं फूल चिकटवून ठेवलं. ते मी गृहीत धरलं होतं. हिरामणला चौकी परत मिळाली, पण लगेच नाही, पोरीचं शाळेचं ते वर्ष गेल्यावर. कायम होण्याचं मात्र लांबलंय. त्याच्याबरोबरचे दोघे कायम झाले. साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब 'बघू' म्हणतात. मी दर महिन्याला त्यांच्या ऑफिसात जाऊन बसते. त्यांना माझा कंटाळा आलाय. येऊ दे.

जुना प्रकल्प अजून चालू आहे, पट्ट्या मीच बदलते. हिरामण माझ्याशी कामापुरतं बोलतो. पूर्वी चहा न विचारता यायचा, आता विचारून येतो.

यंदा पुन्हा खंडेनवमीला पट्टी बदलायचा वार आला. मी रिकाम्या हाताने गेले. गच्चीवर बघते तर हिरामणच हार घेऊन उभा. पाटी त्याने काढून ठेवली होती.

"मॅडम, पूजा तर करावीच लागंल. वर्षभर राबतंय बिचारं. आधी बंद करू का?"

बाबांची आठवण झाली. कंपनीत ते आधी मेन स्विच खाली ओढायचे, आणि दरवर्षी तेच बजावायचे: चालू मशीनला हार घालायचा नाही, गुंतला तर हात घेऊन जातो. कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

"बंद करा," मी म्हटलं.

हिरामणने बटण खाली केलं. फटीवर मी प्लास्टिकची पिशवी बांधली. त्याने यंत्राला कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. मग हार काढला, यंत्र ओल्या फडक्याने पुसलं, पिशवी सोडली, यंत्र पुन्हा चालू केलं. हार त्याने खाली खोलीच्या दाराला बांधला, यंत्रापासून लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला.

त्या दिवशीच्या ग्राफमध्ये आता एक छोटं भोक आहे. त्याखाली मी कारण लिहिलंय: खंडेनवमी, पूजेसाठी यंत्र बंद, सूचना माझी.

सर म्हणाले, "एवढं लिहायची काय गरज होती?"

मी म्हटलं, "होती."